शिकागो शहराने मागितलेली क्षमा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी गाळली आहे.)



दरवर्षी या मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो, मंडळाचा जमाखर्च वाचला जातो, आणि भोजनाची पाने मांडली जाईपर्यंत कोणी तरी वडीलधाऱ्याने चार शब्द बोलावेत असा प्रघात आहे. यंदा तो मान आमच्याकडे आला. आपल्या ज्ञातीच्या पूर्वजांनी शिक्षणासाठी उपसलेल्या कष्टांवर बोलावे, अशी चिटणीसांची सूचना होती. विषय चांगला आहे, परंतु त्यावर या व्यासपीठावरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे, आणि खरे सांगावयाचे तर पूर्वजांची थोरवी ऐकताना आपण सर्वच जरा सुखावतो. आज आम्ही जे सांगणार आहो ते ऐकून कोणी सुखावणार नाही. चिटणीसांनी विषय बदलण्यास संमती दिली, याबद्दल त्यांचे आभार. आम्ही मॅट्रिक व त्यावर अध्यापनाचा अभ्यासक्रम इतकेच शिकलेले. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. तेव्हा कायदेपंडितांसारखे विवेचन आमच्याकडून होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

शिकागो हे नाव आपणा सर्वांना ठाऊक आहे ते स्वामी विवेकानंदांमुळे. १८९३ च्या सप्टेंबरात तेथील सर्वधर्मपरिषदेत त्यांनी श्रोत्यांना भगिनी आणि बंधू म्हणून हाक मारली, ही गोष्ट आम्ही वर्गात शेकडो वेळा सांगितली असेल. त्यापलीकडे त्या शहराविषयी आम्हांस काहीही माहीत नव्हते. पुढे आमची भाची विवाहानंतर तिकडे गेली. तिची मुलगी तेथील सरकारी शाळेत शिकते. ती आठवीत असताना एके दिवशी दूरध्वनीवर म्हणाली, "आजोबा, आज आम्हांला शाळेत पोलिसांनी लोकांना कसं छळलं ते शिकवलं. आमच्याच शहरातल्या पोलिसांनी." आम्ही चकित झालो. पोलीस आपले मित्र आहेत, चौकातले पोलीसदादा रस्ता ओलांडून देतात, असे धडे आम्ही शिकविले आहेत. ज्या शहराच्या पैशावर शाळा चालते त्याच शहराने आपल्या पोलिसांचे काळे कृत्य आठवीच्या मुलांच्या अभ्यासक्रमात घालावे, ही गोष्ट आमच्या चाळीस वर्षांच्या अनुभवात बसत नव्हती. म्हणून मिळेल ते वाचू लागलो. त्यातून जे कळले ते आज सांगतो.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. आपल्याकडे पोलीस खाते राज्य सरकारचे असते. महानगरपालिकेचा त्याच्याशी पाणी व कचरा यांइतकाही संबंध नसतो. अमेरिकेत तसे नाही. शिकागोचे पोलीस हे शिकागो शहराचे नोकर, त्यांचा पगार शहराच्या तिजोरीतून, त्यांचा प्रमुख महापौराने नेमलेला. तेव्हा पोलिसाने केलेला अन्याय हा तेथे शहरानेच केलेला अन्याय ठरतो.

या शहराच्या दक्षिण भागात, जेथे मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती आहे, जॉन बर्ज नावाचा एक पोलीस अधिकारी होता. व्हिएतनामच्या युद्धात लष्करी पोलिसांत नोकरी करून तो आला आणि १९७२ मध्ये गुन्हे तपासाच्या कामावर लागला. १९७२ ते १९९१ या जवळजवळ वीस वर्षांत त्याने आणि त्याच्या हाताखालच्या मंडळींनी शंभराहून अधिक माणसांचा छळ केला. बहुतेक सर्व कृष्णवर्णीय. हाताने दांडा फिरवून वीज निर्माण करणारी एक पेटी होती, तिच्या तारा माणसाच्या शरीराला लावीत. टंकलेखन यंत्रावर घालावयाचे प्लास्टिकचे आवरण डोक्यावरून ओढून श्वास कोंडीत. तापलेल्या नळ्यांना बांधून ठेवीत. समोर मुले बसली आहेत, म्हणून याहून अधिक सांगत नाही. तिकडच्या आठवीच्या मुलांना मात्र यातले बरेचसे सांगतात.

हे सर्व कशासाठी? कबुलीजबाबासाठी. आपल्याकडे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमान्वये पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नसे, आणि जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो दंडक कायम आहे. (म्हणून आपल्या कोठड्या निर्दोष आहेत असे कोणी समजू नये. वर्तमानपत्रे आपणही वाचतो.) अमेरिकेत पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात चालते, मात्र ती स्वेच्छेने दिलेली असली पाहिजे. आता स्वेच्छेने दिली की नाही हे ठरवावयाचे कोणी? एका बाजूला शपथेवर बोलणारे चार अधिकारी, दुसऱ्या बाजूला खुनाचा आरोप असलेला गरीब काळा माणूस. न्यायाधीशाने कोणावर विश्वास ठेवला असेल हे सांगावयास नको. कोणी वीस वर्षे, कोणी तीस वर्षे तुरुंगात राहिले. काहींना तर देहान्ताची शिक्षा झाली.

आता यातील एका प्रकरणाजवळ आम्ही थोडे थांबणार आहो. ९ फेब्रुवारी १९८२ रोजी शिकागोत दोन तरुण पोलिसांचा गोळ्या घालून खून झाला. पाच दिवसांनी अँड्र्यू विल्सन नावाच्या माणसाला पकडण्यात आले. त्याने कबुली दिली. त्याला तुरुंगात आणले तेव्हा तेथील वैद्यकीय प्रमुख डॉक्टर जॉन राबा यांनी त्याच्या अंगावरील भाजल्याच्या व माराच्या खुणा पाहिल्या. डॉक्टर स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पोलीस प्रमुखांना पत्र लिहिले की या माणसाच्या अंगावर अशा अशा जखमा आहेत, विजेचे झटके दिल्याचे तो सांगतो, याची ताबडतोब चौकशी व्हावी. पोलीस प्रमुखांनी ते पत्र त्या वेळचे मुख्य सरकारी वकील रिचर्ड डेली यांजकडे पाठविले, आणि आपण पुढे काय करावे अशी विचारणा केली. बर्जवर खटला भरला गेला नाही. विल्सनला मात्र देहान्ताची शिक्षा झाली. डेली हे पुढे १९८९ मध्ये त्याच शहराचे महापौर झाले आणि २०११ पर्यंत त्या पदावर राहिले.

बंधुभगिनींनो, या पत्राचा विचार आमच्या मनातून जात नाही. एक मनुष्य पाहतो, लिहितो, सही करतो. कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जातो आणि तेथे निजतो. त्या कागदावर वेळीच कृती झाली असती तर पुढच्या नऊ वर्षांतील किती माणसे वाचली असती!

आपल्यापैकी कोणी मनात म्हणेल, आणि प्रथम वाचताना आम्हीही म्हटले, की दोन पोलिसांचा खून करणाऱ्याला मार बसला तर एवढे काय बिघडले? प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये विल्सनची शिक्षा रद्द केली, नव्याने खटला चालला, त्यातही तो दोषी ठरला आणि जन्मठेप भोगीत २००७ मध्ये तुरुंगातच मेला. म्हणजे गुन्हेगार तो होताच. परंतु जी पेटी त्याला लावली तीच पेटी दुसऱ्यालाही लागत होती, आणि त्या दुसऱ्याचा गुन्हा कोणी पाहिला होता? मॅडिसन हॉब्ली म्हणून एक गृहस्थ. १९८७ मध्ये तो राहत असलेल्या इमारतीस आग लागून सात माणसे मेली, त्यांत त्याची पत्नी आणि तान्हा मुलगा होता. पोलिसांनी त्यालाच धरले. त्याने कबुली दिली असे ते म्हणाले. डोक्यावर पिशवी घालून आपला श्वास कोंडला, आणि आपण काहीही कबूल केले नाही, असे तो म्हणाला. बायकामुलास जाळल्याच्या आरोपाखाली तो अनेक वर्षे फाशीच्या रांगेत बसून होता. १० जानेवारी २००३ रोजी राज्याचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी त्याला व त्याच्यासारख्या आणखी तिघांना निर्दोष मानून पूर्ण माफी दिली, आणि दुसऱ्याच दिवशी राज्यातील सर्व देहान्त शिक्षा कमी केल्या. मारून घेतलेल्या कबुलीने गुन्हेगार आणि निरपराध यांत भेद करता येत नाही. दोघेही सारखेच बोलतात. आम्हांस हे पटण्यास पुस्तकाची गरज नव्हती. ते का, हे पुढे येईल.

हे प्रकरण उजेडात कसे आले ती हकीकत लांब आहे. विल्सनने तुरुंगातून दिवाणी दावा केला. १९८९ मध्ये तो चालू असता त्याच्या वकिलांना पोलीस खात्याच्या लिफाफ्यांतून निनावी पत्रे येऊ लागली की असाच छळ झालेले आणखी लोक आहेत, त्यांना शोधा. खात्यातील त्या अज्ञात माणसाला नमस्कार असो. पुढच्या वर्षी जॉन कॉनरॉय या पत्रकाराने एका साप्ताहिकात सविस्तर लेख लिहिला. खात्याच्या अंतर्गत चौकशीतही छळ पद्धतशीरपणे चालत होता असे निष्पन्न झाले. १९९३ मध्ये बर्जला नोकरीतून काढले. तो फ्लोरिडात जाऊन समुद्रकाठी राहिला. पुढे विशेष वकील नेमले गेले, चार वर्षे तपास झाला, आणि २००६ मध्ये त्यांनी अहवाल दिला की काही प्रकरणांत छळ निःसंशय सिद्ध करता येण्याजोगा आहे, परंतु खटला भरण्याची मुदत उलटून गेली आहे. मुदत! ज्यांनी तुरुंगात वर्षे मोजली त्यांना हा शब्द कसा लागला असेल! शेवटी बर्ज सापडला तो छळाबद्दल नव्हे, तर खोट्या शपथेबद्दल. हॉब्लीने केलेल्या दाव्यात, असे काही घडलेच नाही, असे त्याने लेखी शपथेवर सांगितले होते. २०१० मध्ये तो दोषी ठरला व साडेचार वर्षांची शिक्षा झाली. त्याचे निवृत्तिवेतन बंद करावे की कसे यावर संबंधित मंडळात चार विरुद्ध चार अशी मते पडली आणि ते चालू राहिले. २०१८ मध्ये तो वारला.

दरम्यान शहराने पैसे दिले नाहीत असे नाही. दावे, तडजोडी आणि वकिलांची देणी मिळून दहा कोटी डॉलरांहून अधिक खर्च झाला. परंतु पैसा कसा दिला जातो हेही पाहावे. डॅरेल कॅनन नावाच्या माणसाला १९८३ मध्ये पोलिसांनी निर्जन ठिकाणी नेले, बंदुकीची नळी तोंडात घालून मारण्याचे सोंग केले, गुरे हाकण्याच्या विजेच्या काठीने झटके दिले. १९८८ मध्ये शहराने त्याचा दावा तीन हजार डॉलरांत मिटविला. पैसे दिले, प्रकरण बंद. चूक झाली असे कोणी म्हटले नाही, आणि तो मनुष्य पुढे २००७ पर्यंत तुरुंगातच राहिला.

म्हणून ज्यांनी छळ सोसला ते लोक, त्यांच्या माता, त्यांचे वकील आणि पुढे शहरातील तरुण मंडळी यांनी केवळ पैसा नको, शहराने आपल्या तोंडाने सांगावे, अशी मागणी धरली. २०१३ मध्ये तसा ठराव नगरसभेपुढे आला आणि पडून राहिला. २०१४ च्या नोव्हेंबरात ही मंडळी जिनिव्हास जाऊन संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीपुढे उभी राहिली, व समितीने तो ठराव संमत करावा असे सुचविले. २०१५ च्या आरंभी महापौरपदाची निवडणूक आली. त्या वेळचे महापौर राम इमॅन्युएल यांना पहिल्या फेरीत पुरेशी मते पडली नाहीत, एप्रिलात दुसरी फेरी झाली, ते निवडून आले, आणि आठवड्याभरात तडजोड जाहीर झाली. निवडणुकीत माणसाला पुष्कळ गोष्टी ऐकू येऊ लागतात, हे आपणही जाणतो.

६ मे २०१५ रोजी नगरसभा भरली. छळ सोसलेले लोक सभागृहात बसले होते. बहुतेकांचे केस पांढरे झालेले. त्यांची नावे एकेक करून वाचण्यात आली, तसे ते उठून उभे राहिले, आणि मग नगरसभेचे सभासदही उभे राहिले. महापौरांनी शहराच्या वतीने क्षमा मागितली. ठराव एकमताने संमत झाला. त्यात पंचावन्न लक्ष डॉलरांची तरतूद होती. पुढील वर्षी ५७ जणांना, प्रत्येकी एक लक्ष डॉलरांच्या मर्यादेत, रक्कम मिळाली. वीस वर्षांच्या तुरुंगवासाच्या मानाने ही रक्कम काहीच नव्हे, हे तेही बोलले. त्यांच्या मुलानातवंडांना शहराच्या महाविद्यालयांत विनामूल्य शिक्षण, मनावरील आघातांवर उपचार करणारे केंद्र, एक सार्वजनिक स्मारक, आणि सरकारी शाळांतून आठवी व दहावीच्या वर्गांना या सर्व प्रकाराचा पाठ, इतक्या गोष्टी त्यात लिहिल्या होत्या. सार्वजनिक निधीतून अशी क्षतिपूर्ती करणारे अमेरिकेतील हे पहिलेच शहर, असे त्या वेळी लिहिले गेले.

या कलमांत आम्ही शिक्षक असल्यामुळे आमची नजर शाळेच्या कलमावर खिळते. पैसा एकदा देऊन मोकळे होता येते. पाठ मात्र दर वर्षी शिकवावा लागतो. २०१७ पासून तो वर्गावर्गांतून सुरू झाला. छळ सोसलेल्यांपैकी काही जण स्वतः वर्गात जाऊन बसले आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. हे सुखासुखी झाले नाही. ज्या वस्त्यांत पोलिसांची घरे पुष्कळ, तेथील काही पालक अस्वस्थ झाले. आमचा बाप पोलीस आहे, आमच्या मुलाने वर्गात मान खाली घालून बसावे काय, असा त्यांचा प्रश्न होता. आम्हांस तो क्षुल्लक वाटत नाही. शिक्षकाची येथे कसोटी आहे. पोलिसाच्या मुलालाही आणि छळलेल्याच्या नातवालाही एकाच बाकावर बसवून खरे ते सांगावयाचे, ही गोष्ट गणितातील अपूर्णांक शिकविण्याहून फार कठीण आहे. आमच्या भाचीच्या मुलीने सांगितले की त्यांच्या बाई एकदा वाचता वाचता थांबल्या आणि पाणी पिऊन आल्या.

परंतु या शहराचे कौतुक करून आम्ही थांबलो तर ते अर्धसत्य होईल. २० ऑक्टोबर २०१४ रोजी लकुआन मॅक्डॉनल्ड या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर एका पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. पोलिसांच्या गाडीवरील यंत्राने त्याचे चित्रण केलेले होते. १५ एप्रिल २०१५ रोजी याच नगरसभेने त्या मुलाच्या कुटुंबास पन्नास लक्ष डॉलर मंजूर केले. दावा दाखल होण्यापूर्वीच! चित्रण मात्र लोकांस दाखविले नाही. त्यानंतर तीनच आठवड्यांनी जुन्या छळाबद्दल क्षमा मागण्यात आली. चित्रण बाहेर आले ते नोव्हेंबरात, न्यायालयाच्या हुकुमाने. मग डिसेंबरात महापौरांना पुन्हा एकदा क्षमा मागावी लागली. तो पोलीस २०१८ मध्ये खुनाबद्दल दोषी ठरला. तेव्हा मे महिन्यातील तो सोहळा चालला असता, त्याच इमारतीतील काही जणांना दुसरी एक गोष्ट ठाऊक होती. तीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीची क्षमा मागणे त्यांना जमले, सहा महिन्यांपूर्वीचीच जड गेली. याबद्दल आम्ही त्यांना नावे ठेवू शकलो असतो. ठेवीत नाही. त्याचे कारण आता सांगतो.

आमच्या भाचीच्या मुलीने त्या दिवशी आणखी एक विचारले होते. "आजोबा, तुमच्या शाळेत मुलांना मारायचे का? खरं सांगा." आम्ही म्हणालो, त्या काळी मारीत असत. "तुम्ही?" आम्ही म्हणालो, क्वचित. आणि दूरध्वनी तिच्या आईकडे देण्यास सांगितले.

१९८८ ची गोष्ट. आम्ही सातवीचे वर्गशिक्षक होतो. शाळेचे व गावाचे नाव सांगत नाही. सहलीसाठी जमविलेले एकशे चाळीस रुपये आमच्या मेजाच्या खणातून नाहीसे झाले. मधल्या सुट्टीत वर्गात कोण होते याची चौकशी केली. तिघे होते. दोघे आपल्या ओळखीच्या घरांतले, त्यांतला एक आपल्याच ज्ञातीतला. तिसरा गावाबाहेरच्या वस्तीतला, ज्याचा बाप दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाई. पहिल्या दोघांना आम्ही एकही प्रश्न विचारला नाही. ही गोष्ट त्या वेळी आमच्या लक्षातसुद्धा आली नाही. लक्षात आली ती शिकागोविषयी वाचताना. तिसऱ्याला सर्व वर्गासमोर उभे केले आणि छडी घेतली. पहिल्याने तो नाही म्हणाला. मग पुन्हा नाही म्हणाला. मग रडत म्हणाला, "घेतले, गुरुजी." कोठे आहेत? म्हणाला, बाजारात खर्च केले, भेळ खाल्ली, चेंडू घेतला. एवढे तपशील ऐकून आमची खात्री पटली. मुख्याध्यापकांनी आमची पाठ थोपटली. दोन दिवसांनी बाप आला, काही बोलला नाही, चुरगळलेल्या नोटा मोजून ठेवल्या आणि गेला. पोराने शाळा सोडली.

उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी मेज रंगविण्यासाठी बाहेर काढले तेव्हा खणाच्या मागच्या फटीत पाकीट सापडले. पैसे त्यात होते. आम्हीच खण जोराने लोटला असावा. आम्ही काय केले? एकशे चाळीस रुपये शिपायाबरोबर त्याच्या बापाकडे पाठवून दिले. निरोप दिला की हिशेबात चूक झाली होती. मुख्याध्यापकांना सांगितले नाही. वर्गाला सांगितले नाही. पैसे दिले, प्रकरण बंद.

२०१६ च्या सुमारास एस. टी. स्टँडवर एक गृहस्थ आमच्या पाया पडण्यास वाकले. तोच तो. गवंडीकामाची लहानशी मुकादमी करतो, दोन मुले आहेत. त्याने चहा पाजला. आमच्याने राहवेना. म्हटले, त्या वेळी आमच्या हातून अन्याय झाला, आम्हांला क्षमा कर. तो थोडा वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, पैसे परत आले तेव्हाच बापाला कळलं होतं. पण वर्गातल्या पोरांना कुणी सांगितलं? ती अजून भेटतात. चेंडू कुठाय म्हणून हसतात." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. गाडी लागली, त्याने आमची पिशवी आत ठेवून दिली.

त्या वर्गातील पाच जण आज या सभागृहात आहेत. आपल्या मंडळाचे सभासद आहेत, एक तर कार्यकारी मंडळावर आहे. त्यांनी त्या दिवशी जे पाहिले ते आमच्या सांगण्यावरून पाहिले. त्यांना आज आम्ही सांगतो की तो मुलगा चोर नव्हता. पाकीट आमच्याच खणात होते, मारून घेतलेली कबुली खोटी होती, आणि हे आम्हांस त्याच वर्षी कळले असता आम्ही गप्प राहिलो. त्याचे नाव येथे घेत नाही, कारण ते घेण्याची परवानगी त्याच्याकडून मागितलेली नाही. ज्यांना ते ठाऊक आहे त्यांनी यापुढे त्याला चेंडूविषयी विचारू नये.

शिकागोच्या त्या ठरावातील स्मारकाचे सांगावयाचे राहिले. क्षमा मागितल्यानंतरही पुढे कित्येक वर्षे ते उभे राहिले नाही. पैसे वाटले गेले, केंद्र उघडले, पाठ सुरू झाला, स्मारकासाठी २०१९ मध्ये नमुनाही निवडला गेला, तरी जागा, निधी आणि महापौरांची मर्जी या तीन गोष्टी एकाच वेळी जुळून येईनात. ज्यांच्यासाठी ते बांधावयाचे त्यांपैकी काही जण तेवढ्यात निवर्तले. कागदावरील कलम आणि दगड यांमध्ये बरेच अंतर असते, आणि त्या अंतरात माणसे म्हातारी होतात.

ही स्मरणिका छापून आली म्हणजे तिची एक प्रत त्या गृहस्थाकडे स्वतः घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे. ती त्याने घ्यावी किंवा न घ्यावी. चिटणीसांना विनंती एवढीच की हे व्याख्यान छापताना जागेच्या अभावी काही गाळावे लागल्यास शिकागोचा भाग गाळावा, सातवीच्या वर्गाचा गाळू नये.

पाने मांडून झाली असे सांगण्यास मंडळी दारात येऊन उभी आहेत.